निळ्या कोटातला जेथ्रो

इंग्लंडमधल्या बूडली गावी, नदीच्या धक्क्यावर हेस्टरबाईंची खाणावळ आहे. गावोगाव चित्रकला शिकवत फिरायचो तेव्हा मी तिथे महिनाभर राहिलो होतो. निघताना गावाचं एक चित्र बाईंना भेट दिलं. सेव्हर्न नदी, पूल आणि होडीवर निळ्या कोटात त्यांचा मुलगा जेथ्रो. बोटाच्या पेराएवढा, पण उभं राहण्याची ढब त्याचीच. पुढच्याच वर्षी आरमाराच्या माणसांनी त्याला खलाशी करायला जबरदस्तीने धरून जहाजावर नेलं. तिकडेच तापाने गेला बिचारा.

सात वर्षांनी पुन्हा गेलो, तर बाईंनी ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. हाताला धरून थेट चित्रापुढे नेलं.

"मास्तर, खरं सांगा. माझा जेथ्रो दिसतोय का तुम्हाला? शेजारीण म्हणते, म्हातारे, तुझेच डोळे गेलेत."

चित्र खिडकीसमोर, भर उन्हात टांगलेलं. आभाळ विटकरी झालेलं, नदी जवळजवळ कोरी. जेथ्रोच्या जागी नुसता पिवळट डाग.

"डोळे चांगले आहेत तुमचे," मी म्हणालो. "उन्हाने खाल्लं त्याला. आभाळात, नदीत, त्याच्या कोटात नीळच कालवलेली होती, आणि निळीच्या रंगाला ऊन सोसत नाही."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का हो? त्याला नदी दिसावी म्हणून मी मुद्दाम खिडकीसमोर लावलं!"

आम्ही चित्रकार स्वतःची चित्रं बासनात बांधून ठेवतो. पण आपलं चित्र भिंतीवर लागणार म्हणून तेव्हा मी असा हुरळलो होतो की सांगायचंच राहून गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुन्हा काढून देतो," म्हणत मी रंग कालवले. घरं, पूल मी आधी पेन्सिलीने आखतो. माणसं मात्र शेवटी, थेट कुंचल्याने. याची केवढी फुशारकी मारायचो! आता जुन्या चित्रात पुलाची रेघन् रेघ जागेवर होती आणि जेथ्रोची एकही नव्हती. मला तर त्याचं काहीच आठवेना.

"बाई, त्याचं तोंड आपल्याकडे होतं की नदीकडे?"

"आपल्याकडे. माझ्याकडेच तर बघायचा." त्या चित्राजवळ गेल्या. "नाही, थांबा हं. पाठ होती बहुतेक... नाही नाही."

मी कुंचला धरून उभा होतो. बाई डागावरून बोट फिरवत राहिल्या.

"रोज बघत होते हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी."