अध्यक्षांची अडीच मिनिटं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चित्रपट शाळेच्या खरेदी समितीने नवा कॅमेरा आणि त्याच्या जोडीचा टेपरेकॉर्डर एकमताने पसंत केला. चित्र आणि आवाज यांचा मेळ उत्तम आहे, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्या वेळी आवाज टेपवर होता आणि चित्र कॅमेऱ्याच्या पोटात होतं, न धुतलेलं. ते कोणीही पाहिलेलं नव्हतं. फिल्म धुऊन यायला आठ दिवस लागणार होते.

एवढी साधी गोष्ट खोलीतल्या पाचांपैकी एकीच्याच डोक्यात आली. त्या ध्वनी शिकवायच्या. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. समितीत त्यांना मत नव्हतं, पण तांत्रिक दाखल्यावर सही त्यांचीच लागायची, म्हणून कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली होती.

"साहेब, मेळ दोघांचा असतो," बाई म्हणाल्या. "आपण आत्ता फक्त आवाज ऐकला."

"मग? किती स्वच्छ आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"नवरीचा पत्ता नाही आणि जोडा शोभून दिसतो म्हणायचं का?"

छायालेखनाचे सर हसले. शाळेत कॅमेरा तेच शिकवत. मग अध्यक्ष हसत नाहीत हे पाहून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ग्रंथपाल झोपेत मान हलवत होते. आवाजातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते शाळेच्या प्रत्येक समितीवर होते, कारण ते कशालाच नाही म्हणत नसत.

चाचणी झाली तीही समितीच्या बैठकीच्या खोलीत. पायाखाली जाड गालिचा, खिडक्यांना मखमली पडदे, कुठे टाचणी पडली तरी गालिच्याने गिळावी अशी जागा. आठ मिलिमीटरचा कॅमेरा चालताना शिवणयंत्रासारखा कुरकुरतो. त्याची कुरकुर माइकमध्ये किती शिरते, हे बघायचं तर उघड्या फरशीच्या वर्गात बघायला हवं. इथे ती निम्मी पडद्यांनी खाल्ली आणि उरलेली कॅमेऱ्यावर घातलेल्या कापूस भरलेल्या झग्याने.

तो झगा विक्रेत्याने आणला होता. विक्रेता म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नातं लपवलेलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी ते कागदावर लिहून दिलं होतं. त्यावर अध्यक्ष म्हणाले होते, "वा, घरचंच माणूस! मग काळजीच नको."

भाऊजींनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, माइक टेबलावर ठेवला आणि अध्यक्षांना समोर बसवलं. "अर्धं मिनिट पुरे. बोला साहेब, काहीही बोला."

अध्यक्षांना असं सांगायचं नसतं. सव्वीस वर्षं ते उद्घाटनं करत आले होते. प्रत्येक मुद्द्याला मूठ टेबलावर आपटायची, ही त्यांची खासियत. "ध्वनी म्हणजे काय?" ठक. "ध्वनी म्हणजे चित्रपटाचा प्राण!" ठक. अर्धं मिनिट झाल्यावर भाऊजींचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या भाऊजी," बाई हळूच म्हणाल्या. "साहेबांचं वाक्य अर्धं आहे."

अध्यक्षांचं वाक्य नेहमीच अर्धं असायचं. अडीच मिनिटांचं रीळ संपून कॅमेरा आपोआप थांबला, तरी ते प्राणावरून आत्म्यावर चालले होते. मग भाऊजींनी टेप मागे फिरवून लावली. अध्यक्षांनी डोळे मिटून स्वतःला ऐकलं. स्वतःचा आवाज इतका आवडलेला माणूस बाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. बाकीचेही वा म्हणाले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. शाळेचा जुना कॅमेरा आणि जुना टेपरेकॉर्डर नऊ वर्षं आपापल्या चालीने चालत आले होते. दोन यंत्रं एकाच घड्याळाने चालली नाहीत, की शॉटच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी शेवटी शब्दांच्या पुढे पळतात. माणूस तोंड मिटतो आणि मग त्याचं बोलणं येतं. दर वर्षी बाई कापणीच्या टेबलावर बसून मुलांच्या टेपचे नखाएवढे तुकडे कापत आणि डकवत, आणि तरी ओठ काही जागेवर येत नसत. शेवटी मुलांनी माणसांना बोलायला लावणंच सोडलं. नऊ वर्षं शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फिल्ममध्ये कोणी तरी खिडकीतून बाहेर बघतो आणि मागे बासरी वाजते. परीक्षक त्याला शैली म्हणतात. छायालेखनाचे सर तर शाळेची परंपरा म्हणतात.

बाईंना या शाळेत एकदा तरी माणूस पडद्यावर सलग बोलताना बघायचा होता. एवढंच हवं होतं. त्यासाठी त्यांनी चार पानी अहवाल लिहिला होता: कॅमेरा जड घ्या, ओबडधोबड घ्या, पण तो टेपरेकॉर्डरला वायरने जोडलेला असू द्या. कॅमेऱ्याच्या चालीचा ठोका वायरमधून टेपवर नोंदला जातो, मग नंतर दोघांना एका चालीवर आणता येतं. अध्यक्षांनी अहवालाचं पहिलं पान वाचलं होतं. "या काळात वायर? मुलं अडखळून पडतील," ते म्हणाले होते. भाऊजींचा संच बिनवायरीचा होता. कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर दोन्हींत स्फटिक आहे, दोन्ही घड्याळासारखे चालतात, असं वरच्या लेबलवर छापलं होतं.

"झाकण उघडून दाखवा ना, कुठाय स्फटिक," बाईंनी विचारलं होतं.

"मेहुणीबाई, झाकण उघडलं की गॅरंटी गेली," भाऊजी म्हणाले. "तुम्ही घड्याळ उघडून वेळ बघता का?"

बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"सही कर ना गं. तुझं काय जातं?"

"फिल्म धुऊन येऊ दे. मग बघू."

"नऊ संच आणून ठेवलेत यांनी. पुढच्या खोलीत खोकीच खोकी. काल सासूबाईंची मैत्रीण आली, तिला खोक्यावर बसवलं."

"ताई, भाऊजींना एक विचार. त्यांनी अख्खं रीळ कधी चालवून बघितलंय?"

"ते विकतात गं. बघत नाहीत."

"मग मी बघते."

"लहानपणापासून अशीच तू. शिंप्याने आणलेला फ्रॉक आधी उलटा करून शिवण बघायचीस."

"आणि कोणाचा उसवायचा? तुझा."

ताईने फोन ठेवला. रागाने ठेवला की हसत, ते बाईंना कळलं नाही.

पुढच्या बुधवारी फिल्म आली. बाईंनी आवाज कापणीच्या टेबलावर चढवला, शेजारी चित्र लावलं, पहिली मूठ आणि पहिला ठक एकावर एक ठेवले आणि हँडल फिरवलं. अध्यक्षांनी टेबल बडवून बडवून चाचणीची सोय परस्पर करून ठेवली होती. शॉटच्या सुरुवातीला वाजवतात त्या फळीच्या टाळीने इतक्या खुणा दिल्या नसत्या. अर्ध्या मिनिटाला फरक दोन फ्रेमचा. तो पकडायला ध्वनीवाल्याचेच कान लागतात. सव्वा मिनिटाला सहा. शेवटची मूठ टेबलावर मुकाट पडली, उठली, नाकाकडे निघाली, आणि मग ठक ऐकू आला. अकरा फ्रेम. जवळजवळ अर्धा सेकंद.

बाईंनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती. तेवढं सुख त्यांनी करून घेतलं.

गुरुवारी तीन वाजता समिती पुन्हा बसली. पडदा खाली आला. अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून स्वतःला बघू लागले. पहिलं मिनिट बरं गेलं. मग मूठ आणि ठक यांची फारकत होत गेली, आणि शेवटी शेवटी अध्यक्षांनी तोंड मिटल्यावर त्यांच्या पोटातून कोणी तरी दुसराच बोलतोय असं वाटायला लागलं. छायालेखनाच्या सरांना खोकला आला. ग्रंथपाल जागे झाले आणि बाहुल्यांचा खेळ बघावा तसे बघत राहिले.

"माझा आवाज मागे का पडतोय?" अध्यक्षांनी दिवा लागताच विचारलं.

"साहेब, त्याचं असं आहे," भाऊजी तयारच होते. "इतकं सलग बोलणारा माणूस मिळतो कुठे? अडीच मिनिटं, एकही कागद हातात नाही! कॅमेरा आपल्यासाठी कमी पडला. मुलांचे शॉट दहा-पंधरा सेकंदांचे असतात."

अध्यक्षांची मान थोडी वर आली.

"तसंही अर्ध्या मिनिटावर शॉट गेला की तो आळशीपणा," छायालेखनाचे सर म्हणाले. "मी वर्गात सांगतोच."

"सर, गेल्या वर्षी तुम्ही खिडकीच्या दोन मिनिटांच्या शॉटला पहिला नंबर दिलात," बाई म्हणाल्या.

"तो मूक होता."

"म्हणजे गप्प माणसाला दोन मिनिटं आणि बोलणाऱ्याला अर्धं?"

"बाई, वाद नको," अध्यक्ष म्हणाले. त्यांना मार्ग सापडला होता आणि ते मूठ उगारून बसले होते. "आपण अभ्यासक्रमातच घालू. बोलण्याचा शॉट तीस सेकंदांपेक्षा लांब नको." ठक. "शिस्त लागेल." ठक.

"आणि एखाद्या मुलाची आई एकतीस सेकंद बोलली तर?"

"तर कट करायचा."

"कोणाला?"

ग्रंथपाल मोठ्याने हसले. सव्वीस बैठकांतलं त्यांचं ते पहिलं योगदान होतं, आणि ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही. कॅमेरा चुकला तर अभ्यासक्रम दुरुस्त करायचा, ही सूचना मात्र शब्दशः घेतली गेली.

शुक्रवारी सकाळी शिपाई नवा दाखला घेऊन आला. जुन्यात 'चित्र व आवाज यांचा मेळ समाधानकारक' असं होतं. नव्यात तीन शब्द जास्त होते: 'तीस सेकंदांपर्यंतच्या शॉटमध्ये चित्र व आवाज यांचा मेळ समाधानकारक.'

बाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ते खरं होतं, त्यातच सगळा चावटपणा होता. दहा दिवस बाई खोट्यावर सही न करण्याची तयारी करत होत्या, आणि या लोकांनी त्यांच्यापुढे सरळ खरं वाक्य ठेवलं होतं, त्यांच्याच दोन फ्रेम मोजून. सही केली तर पुढची नऊ वर्षं मुलांना अर्ध्या मिनिटाची माणसं मिळणार. शाळेत यंत्रं नऊ वर्षांच्या आत बदलत नाहीत. सही केली नाही तर खरेदीची मुदत पुढच्या शुक्रवारी संपणार, पुढची मंजुरी कधी येईल याचा नेम नाही, आणि तोवर जुना कॅमेरा, बासरी, खिडकी.

सोमवारी नवा नियम फलकावर लागला. कोणी तरी खाली पेन्सिलीने लिहिलं, 'लवकर बोला.' मंगळवारी भाऊजींनी नऊ खोकी ताईच्या घरातून हलवून शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवली. सही झाल्यासारखीच. बाई वर्गात जायला निघाल्या की त्यांना खोक्यांना वळसा घालावा लागायचा. गुरुवारी त्यांनी वायरच्या कॅमेऱ्याचा चार पानी अहवाल पुन्हा टंकून संचालकांकडे थेट पाठवला. समितीचं मत घ्यावं, असा शेरा मारून तो दोन तासांत समितीकडे गेला.

शुक्रवारी दुपारी शिपाई तिसऱ्यांदा आला. "बाई, साहेब विचारतात, अडलंय कुठे? वाक्य तर बरोबर आहे म्हणे."

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी दाखला पुन्हा वाचायला घेतला. शिपाई दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. दाखला टेबलावर होता, 'तीस सेकंदांपर्यंतच्या' या शब्दांखाली लाल रेघ होती, आणि सहीची जागा कोरी होती. सव्वाचार वाजले होते. कार्यालय साडेपाचला बंद व्हायचं, आणि मुदत त्याबरोबरच संपणार होती.