जपून ठेवलेली शेगडी

परसदारी भिंतीपासून हातभर पुढे, बिडाच्या जाळीची आणि जड झाकणाची जी काळी शेगडी उभी आहे ना मित्रांनो, तीच मी. गॅसवर चालते. वयाने बरीच जुनी झाले आहे, पण चौकसपणा काही केल्या गेला नाही. आमच्या कारखान्यात लोखंडाबरोबर थोडं कुतूहलही ओतत असावेत!

दुकानात मी पुष्कळ दिवस नुसतीच उभी होते. लोक यायचे, झाकण उघडायचे, आत डोकावायचे आणि निघून जायचे. ज्या विस्तवासाठी मला घडवलं तो दिसतो कसा, हेच मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या चकचकीत शेगड्या भराभर विकल्या जात. मी मात्र कोपऱ्यात. देवाच्या दारी उशीर असेल, अंधेर नसतो, असं स्वतःला समजावत राहायचे.

एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. बरोबर त्यांची मुलगी. ते आयुष्यभर बसगाड्यांचे सांगाडे जोडणारे वेल्डर, आणि ती रुग्णालयात परिचारिका. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांच्या उजव्या हातावर भाजल्याचा ताजा डाग होता. आधीच्या शेगडीचा पातळ पाय वाकला आणि ती पेटलेलीच कलंडली, असं त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं.

"ही शेवटची हं अप्पा," मुलगी म्हणाली. "हिनेही असलं काही केलं, तर तुमचा विस्तवाशी संबंध संपला. मग मी ऐकणार नाही."

"बरं, माझे आई," अप्पा म्हणाले.

विक्रेत्याने त्यांना सर्वांत चकाकणाऱ्या शेगडीपाशी नेलं. "हे बघा काका, आरशासारखं तोंड दिसतं हिच्यात!"

"तोंड बघायला घरी आरसा आहे हो. कणसं भाजायला कुठली, ते सांगा."

आणि मग त्यांनी काय करावं? ते चक्क जमिनीवर वाकले आणि माझ्या पोटाखाली डोकावले! आजवर सगळ्यांनी मला वरून पाहिलं होतं. खाली काय असतं बरं, मलाच उत्सुकता वाटली. त्यांनी पायांचे जोड बोटाने चाचपले. कमरेने मला एक धक्का दिला, मी हलले नाही. झाकण वर नेऊन सोडलं, ते धप्पकन आणि सरळ बसलं. जाळी उचलून तिचं वजन पाहिलं. बर्नरच्या नळ्या सुट्या करून धुता येतात का, पुढेमागे जाळी बदलून मिळते का, हेही विचारून घेतलं.

"काका, किती वर्षं टिकायला हवी म्हणता?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"अप्पा!" मुलगी एवढ्या जोराने ओरडली, की विक्रेता बिचारा पावती करायला पळाला.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. अप्पा फसणाऱ्यांतले नव्हते.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पेटले. काय सांगू मित्रांनो! पोटात निळ्या ज्योतींची ओळ उभी राहिली. न बोलता, न भांडता, एकीला लागून एक. परमेश्वराने कुणाला गळा दिला, कुणाला पंख दिले, मला हे दिलं! मग वर्षानुवर्षं माझ्यावर वांगी भाजली गेली, मासे, बटाटे, ढोबळ्या मिरच्या. काम संपलं की अप्पा गरम जाळीवरून घासणी फिरवत, तेलाचा हलका हात देत आणि मी गार झाल्यावरच मला झाकत. जावई चेष्टा करायचे, "अप्पा, आमची एवढी सेवा कधी कराल?"

"तुम्ही इतकी चांगली कणसं भाजा, मग बघू!"

पण एका थंडीत अप्पांच्या छातीत कफ भरला. फार आजारी पडले. देवाने वाचवलं आणि मुलीने राब राब राबून उठवलं. उठवलं खरं, पण पुढे तिने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपायला घेतलं. वाऱ्यात जाऊ नका, ओझं उचलू नका, स्वयंपाकघरात तर नकोच नको. आणि अप्पांचा जीव माझ्यावर, म्हणून तिने मलाही जपलं. जाडजूड आच्छादन घालून दोरीने करकचून बांधून टाकलं. थंडी सरली, उन्हाळाही सरत आला. आतल्या अंधारात मी कान देऊन असायचे. एकदा माझ्या नळीत बारीक पावलांची गुदगुली झाली. कोण असेल? विचारणार कुणाला?

शेवटी अप्पांच्या हट्टापायी एका रविवारी मुलीने मला सोडलं. अप्पा शाल पांघरून दारातल्या खुर्चीत. तिने बटण फिरवून ठिणगी पाडली, आणि ज्योत जाळीखाली येण्याऐवजी बटणांमागून भसकन बाहेर आली! पिवळी, धुरकट. मुलीने झटकन गॅसच्या टाकीची चावी बंद केली. हात भाजला नाही, देवाची कृपा. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झालं तेवढं पुरे. उद्याच हिला भंगारात घाला."

जावईही चेष्टा विसरले होते. "मी बोलावतो भंगारवाल्याला."

अप्पांनी हळूच विचारलं, "ज्योत निळी होती की पिवळी?"

"पिवळी! आणि भलतीकडून आली. अप्पा, तुम्ही आत चला बघू, वारा सुटलाय."

"म्हणजे वाट कुठेतरी अडलीय. तिच्या नळ्या काढ."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर घाल भंगारात. पण खोलून बघितल्याशिवाय कुणाला कामातून गेलं म्हणू नये गं. तू नर्स आहेस, मी काय सांगणार?"

मग तिने टाकी काढून दूर ठेवली, जावयांनी नळ्या सोडवल्या आणि बाटल्या धुवायचा लांब ब्रश आत घातला. एका नळीतून कापसासारखं दाट जाळं निघालं, आणि त्यामागून एक इवलासा कोळी, झोपमोड झाल्यासारखा वैतागून.

"अरे, हा तर भाडेकरू!" जावई म्हणाले.

"हा गेला कसा आत?" मुलीने विचारलं. "मी तर किती घट्ट बांधलं होतं!"

"म्हणून तर," अप्पा म्हणाले. "इतकं निवांत घर त्याला कुठे मिळणार? रोज पेटली असती तर फिरकला नसता. तू फार जपलंस, पोरी."

तिने ब्रशला चिकटलेलं ते जाळं हलकेच सोडवलं. मग तिने नळ्या धुतल्या, कोरड्या करून बसवल्या, सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळत नाही ना ते पाहिलं. झाकण उघडं ठेवलं, आणि अप्पांसमोर हात धरला.

"चला. पेटवायची तुम्ही. मी इथेच उभी आहे."

अप्पांचा हात बटणावर आला. मुलीने मदतीला हात पुढे केला, आणि अर्ध्यावरच मागे घेतला. टिक्. निळ्या ज्योती ओळीने उभ्या राहिल्या. शाल केव्हाच खुर्चीत राहिली होती. त्या दिवशीची कणसं एका बाजूने करपली, आणि कुणीही तक्रार केली नाही.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, जाळीला तेल द्या, पेटवण्याआधी नळ्या तपासा, आणि हे सारं मोठ्यांना बरोबर घेऊनच करा. एवढं केलंत तरी मी सुखी आहे. पण हेही ऐका. जपणं म्हणजे नुसतं झाकून ठेवणं नव्हे. देवाने प्रत्येकात ज्योत ठेवली आहे, तिची वाट मोकळी ठेवणं आपल्या हाती. तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा कोपऱ्यात बसून असतील, तर त्यांना औषध जरूर द्या, पांघरूणही द्या. आणि मग जवळ बसून विचारा, "आज आपण दोघं मिळून काय करू या?"