डाव्या पायाचं पाणी

गुलजारच्या हातून साधा पेलासुद्धा धड उचलला जायचा नाही. देऊळघाटात गाद्या भरून देणारा हा आडमाप माणूस. बानो, त्याची बायको, म्हणायची, "हात हायेत का फावडे?" पण तिच्या डाव्या पायाला घोट्याच्या वर जखम झाली, चिघळली, वर्षानुवर्षं भरेना, तेव्हा हेच फावडे कामी आले. वासाच्या लाजेनं ती लग्नकार्यांना जाईनाशी झाली. गुलजारनं मात्र कधी नाक मुरडलं नाही.

बुलढाण्याच्या वैद्य पद्मजाताईंनी जळवा लावून खराब रक्त काढलं आणि रोजचं काम गुलजारला शिकवलं. पहाटे उठून तो त्रिफळ्याचा काढा उकळायचा, कोमट करून जखम धुवायचा, तेलाची पट्टी बांधायचा. बानो आधी शिव्या घालायची, मग डोळे मिटून निवांत पडायची. दोघांत प्रेमाचं बोलणं कधी झालं नाही. जे काय होतं ते त्या पाण्यात होतं.

गेल्या महिन्यात जखम भरली. बानोनं हौसेनं पट्ट्यांच्या नव्या चपला घेतल्या. आणि आज पहाटे ती झोपेतच गेली.

बायकांनी मयतीला आंघोळ घालायला अंगणात पडदा बांधला. बोरीची पानं टाकून पाणी तापवलं. गुलजार बाह्या सारून उठला, तशी त्याची बहीण अलीजा आडवी आली.

"तुम्ही नाही, भाईजान. रीत हाय ना."

"पायच धुतो फक्त. डावा."

"नाही, भाईजान."

रीत त्यालाही ठाऊक होती. बायको गेली की नवऱ्यानं तोंड पाहायचं, हात लावायचा नाही. पण काळजाला कोण समजावणार? तो पडद्याला पाठ लावून बसला. आत तांब्या वाजला आणि त्याला राहवेना.

"डावा पाय सांभाळा. वरून ओतू नका. आधी आपल्या तळहातावर घ्या, मंग सोडा."

"बरा झाला ना तिचा पाय," अलीजा आतून रडत म्हणाली. "नुसता डाग हाय आता."

"मले माहीत हाय. तरी बी."

आत तांब्याचा आवाज थांबला. मग पाणी हळू पडू लागलं.

"रगडू नका. टाचेकडून या," तो सांगत राहिला. त्याचा स्वतःचा तळहात मांडीवर खोलगट झाला होता, पाणी धरल्यासारखा.

"झालं, भाईजान."

"कापसानं टिपून घ्या," गुलजार म्हणाला आणि त्याला हुंदका आवरेना. "ओला राह्यला तं तिले झोप लागत नाही."