धुऱ्यावरचा दगड

अर्पिताची फिल्म नापास झाली. पण हे आत्ताच सांगून टाकलं तर पुढे मजा राहत नाही, तेव्हा असं काही झालंच नाही असं समजून चालू.

तर अर्पिता हैदराबादला विद्यापीठात माहितीपट करायला शिकत होती. शेवटच्या सत्रासाठी कापूस वेचणीवर फिल्म करायची म्हणून ती राज्याच्या सीमेवरच्या, मराठी बोलणाऱ्या भीमपूरकडच्या आपल्या गावी आली. सरांनी दोन नियम घालून दिले होते. एक : कॅमेरा चालू करा आणि बाजूला व्हा, माणसं त्याला विसरतात. दोन : पडद्यावर जो दिसेल त्याची संमतीपत्रावर सही हवी. एक सही कमी पडली तरी फिल्म नापास.

सरांनी भीमपूर पाहिलेलं नव्हतं.

सुधाकरराव आणि चंपतराव यांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्पिताने कॅमेऱ्याची तिपाई रोवली, तसे दोघंही वेचणी सोडून उभे राहिले. गावात तीन पायांचं यंत्र आजवर एकाच कामाला आलं होतं : जमीन मोजायला.

"कोनं बलावलं तुले?" सुधाकररावांनी विचारलं.

"कोनीच नाई, काका. कालेजचं काम हाये. कापूस दाखवाचा हाये."

"हैदराबादच्या लोकायनं कापूस पाह्यला नाई? उघडे फिरतेत का थे?"

"मास्तरची पोरगी हाये, खोटं नाई बोलाची," पलीकडून चंपतराव म्हणाले. "म्हनूनच तं शंका येते."

तीन दिवस अर्पिताने नियम पाळला. दुपारी कॅमेरा चालू ठेवायचा आणि वेचणीला आलेल्या बयनाबाईंबरोबर लिंबाखाली भाकर खायला जायचं. इकडे गावालाही यंत्राची रीत पाठ होती. मागे डोळा लावला तरच त्याला दिसतं. सर्वेयर चहाला गेला की यंत्र आंधळं.

चौथ्या दिवशी तिने घरी बाबांना, म्हणजे धम्मपाल मास्तरांना, सगळं चित्रण दाखवलं. मागे कापूस होता. पुढे चंपतराव लोखंडी सब्बल घेऊन आले, यंत्रामागे कोणी नाही याची खात्री केली आणि हद्दीचा दगड दोन हात सुधाकररावांच्या शेतात सरकवला. अर्ध्या तासाने सुधाकररावांनी तो अडीच हात उलटा सरकवला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दोघं एकाच वेळी आले, तेव्हा त्याच दगडावर पाठीला पाठ लावून बसले आणि तंबाखू मळली.

"बाबा, हे तं सोनं हाये."

"सोनं हाये तं पुरून ठेव," मास्तर म्हणाले.

पण फिल्म द्यायला दोनच दिवस उरले होते. अर्पिता लॅपटॉप आणि संमतीपत्रं घेऊन दोघांकडे गेली. दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"हा मी नोय," सुधाकरराव म्हणाले.

"काका, शर्ट तुमचाच हाये. आत्ता आंगात हाये."

"शर्ट माहाच हाये. आतला मानूस कोन हाये, थे पाहाय तू."

चंपतराव जरा प्रामाणिक निघाले. "हा मीच हाये. पन मी दगड हालवून नाई राह्यलो. दगड पळून राह्यला, मी त्याले धरून राह्यलो."

सही कोणीच केली नाही. बयनाबाईंनी मात्र दोन केल्या; एक आपली, एक लागली तर. त्या चित्रणात कुठेच नव्हत्या.

शेवटी अर्पिताने दोघांनाही कापून काढलं. उरला दगड. सात मिनिटं तो इकडे दिसतो, तिकडे दिसतो, पुन्हा इकडे. हात कोणाचाच नाही. तेच तिने पाठवलं. विद्यापीठाचं उत्तर आलं : मुख्य पात्राचं संमतीपत्र जोडलेलं नाही, आठ दिवसांत जोडावं. नाहीतर काय, ते घडलंच नाही असं आपलं ठरलं आहे.

अर्पिताने मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. अर्ज मराठीत, तहसील कार्यालय तेलुगूत.

"मेहेरबान तहसीलदार साहेबांचे सेवेशी. विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर हद्दीच्या दगडास कचेरीतून समन्स काढून, गिरदावर (महसूल निरीक्षक) साहेबांसमक्ष त्याचा जबाब नोंदवावा व त्यास लिहिता-वाचता येत नसल्याने संमतीपत्रावर त्याचा अंगठा घ्यावा. हजर करण्याची जबाबदारी, त्या दिवशी तो ज्याच्या शेतात आढळेल त्याची राहील. जबाबानंतर दगड त्याच्या मूळ जागी पोचवावा, आणि मूळ जागा कोणती हे त्यालाच विचारावे."