निळा मोजा

"निळा मोजा! मशीनच्या खणात! बाळाचा, एकच!" मनकवडे महाराज डोळे मिटून गरजले. सभागृहातल्या दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

शिवणकाम करणारी मावशी हमसून हमसून रडू लागली. जन्मताच गेलेल्या बाळाचा तो मोजा तिनं वीस वर्षं जपला होता. "बघ! तुझ्या डॉक्टरांना कळलं होतं का हे?" तिनं भाचीला कोपरानं ढोसलं.

डॉक्टरकी शिकणाऱ्या भाचीनं चमकून महाराजांकडे पाहिलं. मोज्याची गोष्ट मावशीनं एकट्या तिलाच सांगितली होती.

"गोळ्यांनी आत्मा पेंगतो, माई!" महाराज म्हणाले. "टाक त्या इथं पायाशी. अकरा दिवसांत बाळ स्वप्नात येईल. नाही आलं, तर तुझ्या श्रद्धेला भोक आहे समज!"

मावशीनं पिशवीतून गोळ्या काढल्या. मागे मनाच्या आजाराच्या या गोळ्या सोडल्या, तेव्हा तिला गच्चीच्या कठड्यावरून ओढून आणावं लागलं होतं.

तेवढ्यात महाराजांपुढं पाण्याचा पेला ठेवून एक बाई वळली. दारात सगळ्यांची गोड बोलून चौकशी करत नंबर देणारी. दारातल्या गर्दीत चेहरा नीट दिसला नव्हता; आता भाचीनं तिला ओळखलं. मनोविकारांच्या वर्गात रोग्याशी कसं बोलायचं याचा सराव चाले; त्यात रोग्याचं सोंग घेणारी नटी ती हीच. सोंगाची कहाणी विद्यार्थ्यांनी मनानं रचायची होती. भाचीनं आळसानं मावशीचीच उतरवली. वर्गाचे डोळे पाणावले, सरांनी पाठ थोपटली. "खरी कुणाची गं?" नटीनं चहा पिताना विचारलं. "आमच्या शिवणवाल्या मावशीची," ती फुशारकीनं बोलून गेली होती.

भाची उठली. "बाई, वर्गात मोज्यासाठी रडलात त्या तुम्हीच ना?"

आणि गप्प राहिली. विचारावं नि थांबावं, हे तिथंच शिकली होती.

नटीची नजर पेल्याकडे गेली. भाचीनं पुढं होऊन पेला उचलला. खाली चिठ्ठी: ‘चौथी रांग. चष्मेवाला. भावाशी अबोला.’

चौथ्या रांगेतला चष्मेवाला ताडकन उठला. "अहो, हे तर मी दारात या बाईंना सांगितलं!"

मावशीनं महाराजांकडे बघितलंच नाही. "माझं तू सांगितलंस?"

"हो, मावशी. चोराला घर मीच दाखवलं." भाचीनं कबूल केलं. ती लोकांकडे वळली. "देव मनातलं जाणतो, पण तो ते कर्ण्यावरून ओरडत नाही. कुणी ओरडलाच, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, याला सांगितलं कुणी? आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध असल्या कुणाच्या पायाशी टाकू नका."

मावशीनं गोळ्या पिशवीत परत ठेवल्या.

"घेईन मी त्या," ती म्हणाली. "पण आज तू माझ्याबरोबर येऊ नकोस."