ओघात बोललेलं

बाबा गेले त्याच्या आदल्या सकाळी घरात चर्चा रंगली होती ती एका गॅरेजवाल्याची. दुरुस्तीला दिलेली गाडी त्याच्या आवारातून चोरीला गेली होती, आणि धाकटी होती गाडीमालकाची वकील. वरच्या कोर्टाचा एक जुना निवाडा तिच्या छातीवर बसला होता. तशाच एका चोरीत गॅरेजवाला जबाबदार नाही असं त्यात ठरलं होतं, आणि वरच्या कोर्टाने एकदा ठरवलं की खालच्याला ते मानावंच लागतं, पटो न पटो.

"म्हणजे मेलेच की मी," धाकटी म्हणाली.

"इतक्यात नको मरूस, तारीख लांब आहे," बाबा म्हणाले.

निवृत्त झाल्यापासून असं काही हाती लागलं की त्यांना नाश्त्याचीही शुद्ध राहत नसे. ते समजावून सांगू लागले. अख्खा निवाडा कुणालाच बांधत नाही. ज्या कारणावर निकाल उभा असतो, तेवढं कारण बांधतं. बाकीचं न्यायाधीश ओघात बोलून गेलेला असतो, ते आदराने ऐकायचं आणि सोडून द्यायचं. तेव्हा तो गॅरेजवाला सुटला तो नेमका कशामुळे, ते आधी शोध.

कशामुळे ते थोरलीला ठाऊक होतं. न्यायनिवाडे छापणाऱ्या प्रकाशनात ती संपादक होती. प्रत्येक निवाड्याच्या डोक्यावर त्याचं चार ओळींत सार छापतात, ते लिहिणं हे तिचं काम. या निवाड्याचं सारही तिचंच होतं: किल्ली मालकाच्याच खिशात राहिली, म्हणून गाडी गॅरेजवाल्याच्या ताब्यात गेलीच नाही. ती तोंड उघडणार, तोच धाकटी म्हणाली, "किल्ली. माझ्या माणसाने किल्ली दिली होती. गॅरेजच्याच फळीवर टांगलेली होती."

बाबांनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास. मग तो निवाडा तुझ्या आड येतच नाही." आणि थोरलीकडे वळून म्हणाले, "ताई, चहा टाकतेस का गं?"

तिने चहा टाकला. दूध उतू गेलं, तेही पुसलं. बाहेर दोघं हसत होती. ती शाब्बास आपल्या वाट्याची होती, असं तिला वाटत राहिलं. कायद्याची परीक्षा आधी ती पास झाली होती, धाकटीपेक्षा वरच्या नंबराने. वकिलीच्या सनदेचा अर्ज घेऊन ती बाबांसमोर उभी राहिली तेव्हा वर न बघताच ते म्हणाले होते, एका घरातले दोघं एका कोर्टात नकोत. ते तिथे न्यायाधीश होते. ती मान हलवून आत गेली आणि तिने प्रकाशनात नोकरी धरली. पुढे धाकटी पास झाली. बाबा अजून त्याच खुर्चीवर होते, तरी तिच्या अंगावर काळा कोट चढला. थोरलीने मूग गिळले ते गिळलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर दोघी बहिणी त्यांची खोली आवरायला बसल्या. धाकटी निवाड्यांचा एक खंड हातात घेऊन म्हणाली, आता अडलं तर विचारायचं कुणाला. थोरलीला ते झोंबलं. समोर बसलेल्या माणसाचं नाव हिच्या मनातसुद्धा येत नाही.

"तुला काय अडणार," ती म्हणाली. "तुझ्यासाठी निकाल बदलायचे बाबा."

"कुठला निकाल?"

थोरलीने सनदेच्या वेळचं बाबांचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. धाकटी हसली.

"अगं, मलाही तेच म्हणाले होते. मी विचारलं, का? तर म्हणाले, लोक म्हणतील बापासमोर उभी राहते आणि जिंकते. मी म्हटलं, तुमच्यासमोर एकही खटला चालवणार नाही. मग काय, म्हणाले, प्रश्नच मिटला." तिचं हसू हळूहळू मावळलं. "तू विचारलं नव्हतंस?"

थोरली फडक्याने टेबल पुसू लागली. परक्यांच्या निवाड्यांतून ती रोज कारण वेगळं काढत होती, ओघातलं बाजूला ठेवत होती. आपल्या बापाचं एक वाक्य मात्र तिने अख्खंच्या अख्खं पाठ करून ठेवलं. धाकटीचा राग यावा, तर ती काहीच हिरावून घेऊन गेली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं. हे तर आणखीनच सोसवेना.

"ताई?"

थोरलीने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे बघत स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, मला वकील व्हायचं होतं. आणि हिचा मला हेवा वाटतो. अजूनही."