ताट झाकून ठेव

मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. रंगाने तपकिरी, रुंदीला करंगळीहून बारीक, पण मला उलगडलं तर अख्खी गल्ली संपेल आणि मी उरेन. माझ्या अंगावर एक गाणं आहे. त्याच्या नकला जगभर वाजल्या. अस्सल गाणं मात्र माझ्यापाशीच आहे, आणि त्याचा शेवट तर बावन्न वर्षं कुणी पुन्हा ऐकलेला नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडी पूड चिकट लेपात कालवून फासली, की झाले मी तयार. त्या लेपाला ओल सोसत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात आणलं. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता, मग गाणी ध्वनिमुद्रित करू लागले. १९७४ साली एका दुपारी मिस्टर हबर्ट नावाच्या ध्वनिमुद्रकाने मला यंत्रावर चढवलं आणि काचेपलीकडे चोवीस वर्षांची व्हर्डेल क्रेनशॉ गायला उभी राहिली.

तिची आई युलाली चर्चच्या गायनवृंदात पहिल्या ओळीत उभी राहून गायची, म्हणून सगळे तिला मानाने सिस्टर युलाली म्हणत. व्हर्डेल क्लबात गायला लागली तेव्हा ती म्हणाली होती, "रविवारी देवाला दिलेलं तोंड शनिवारी सैतानाला द्यायचं नाही. द्यायचं असेल तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." पोरगीही आईवरच गेलेली. निघाली ती निघालीच. तीन वर्षं दोघी एकाच गावात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत.

गाणं तिनेच रचलं होतं. 'ताट झाकून ठेव, मला यायला उशीर होईल.' लोकांना वाटलं, प्रियकरासाठी आहे. प्रियकर कसला डोंबलाचा!

तिसरं कडवं सुरू झालं आणि दार उघडलं. दारात सिस्टर युलाली. डोक्यावर रविवारची टोपी, पर्स दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. व्हर्डेलचा आवाज घशातच राहिला. ढोलवाल्याने काठ्या वर धरल्या, ऑर्गनवाल्याने एकच सूर दाबून ठेवला. एक, दोन, तीन, चार. मग तिने कसंबसं कडवं उचललं, शेवटची ओळ संपवली, कानावरचे हेडफोन फेकले आणि मागच्या दाराने पळाली. आई भरल्या सभेत आपला पाणउतारा करायलाच आली आहे, असं तिला वाटलं.

मी मात्र फिरतच होते. पुढचं सगळं माझ्या अंगावर उमटलं.

तीन मिनिटांच्या वरचं गाणं रेडिओवाले वाजवत नसत. म्हणून तबकडी करताना शेवटच्या ओळीनंतर आवाज विरवून टाकला. निर्मात्याने तो चार मात्रांचा थांबा तेवढा ठेवला. म्हणाला, "हे सोनं आहे." आणि खरंच, गाणं चढलं! मग नकलांचा पूरच आला. लंडनच्या एका गायकाने चाळीस व्हायोलिनं लावली, पण तिसऱ्या कडव्यात डोळे मिटून चार मात्रा थांबला. नॅशव्हिलचा एक टोपीवाला गायक त्या चार मात्रांत रडला. किंग्स्टनमध्ये गाण्याला नाचाचा ठेका दिला, तरी तिथे येऊन ठेका गप्प. टीव्हीवरच्या स्पर्धेत एका मुलीने आठ मात्रा ओढल्या, तर परीक्षक उभे राहिले. विद्वानांनी लिहिलं, हा विरहाचा कळस आहे. अहो, कसला कळस! पोर आईला बघून भ्याली होती!

त्याच हिवाळ्यात सिस्टर युलाली लेकीशी न बोलताच वारली. व्हर्डेल चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि त्यानंतर कुठेच गायली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पस्तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या लेकरांची ताटं वाढली.

मी डब्यात पडून होते. छत गळायचं. आमच्यात रीत अशी, की वाजवून झाल्यावर फीत परत गुंडाळायची नाही, शेपूट बाहेर ठेवायचं. म्हणजे गाण्याचा शेवट सगळ्यात बाहेर. पाणी लागलं ते नेमकं तिथेच. मी सडत होते आणि मला कळत होतं, काय सडतंय ते.

मग मिस्टर हबर्टने मरायच्या आधी मला व्हर्डेलकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. 'तू पळालीस तेव्हा फीत चालू होती. तुझी आई काहीतरी बोलली. मला वाटलं, तिने तुला घरी सांगितलंच असेल.'

शहात्तर वर्षांची व्हर्डेल मला काखेत मारून डेनीसकडे गेली. डेनीस जुन्या फिती दुरुस्त करते. तिने मला हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिस व्हर्डेल, ही भाजावी लागेल."

"भाजावी? कोंबडी आहे का ती?"

"मंद आचेवर. ओल निघेल. पण शेवटचा भाग गेलाय बघा. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा नाही. आणि आत काय आहे ते मला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे? शिव्या असतील तर शिव्या. बावन्न वर्षं मी मनातल्या मनात त्याच खाल्ल्यात."

फळं सुकवायच्या यंत्रात मला आठ तास ठेवलं. मग डेनीसने मला यंत्रावर चढवलं, टोक ओवलं आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांब!" व्हर्डेल किंचाळली. "उलटी आहे ती! आमची माणसं शेपूट बाहेर ठेवायची!"

डेनीस पांढरीफटक पडली. शेपूट बाहेर असल्याची डब्यावरची चिठ्ठी पाण्याने कधीच गेली होती. बटण दाबलं असतं, तर माझा शेवट उलटा खरवडून संपला असता. तिने मला हाताने, कुठेही घासू न देता, परत गुंडाळलं. नव्या यंत्रावर नक्कल उतरवायला लावली. मग मी वाजले.

पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. चार मात्रा. व्हर्डेलने खुर्चीचा हात घट्ट धरला. शेवटची ओळ आली. माझी पूड झडू लागली, आवाज खरखरला. हेडफोन पडले, दार आपटलं. मी जीव धरून ठेवला होता, मित्रांनो. आणखी थोडं, एवढंच घोकत होते.

आणि सिस्टर युलालीचा आवाज आला. आधी चर्चमधलं ते खालच्या पट्टीतलं गुणगुणणं, तेच गाणं. मग शब्द.

"तिला बोलवा कुणीतरी. पुन्हा म्हणू दे. आईला बघून थांबायचं नाही, म्हणावं. आणि सांगा तिला, ताट झाकून ठेवलंय."

तिथे मी संपले. तेवढ्या भागात आता नुसतं कोरं प्लास्टिक आहे.

व्हर्डेल कितीतरी वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. डेनीस नवं यंत्र बंद करायला उठली, तर म्हणाली, "राहू दे. आई पुन्हा म्हण म्हणाली ना?"

आवाज फाटलेला, वरचे सूर लागेनात. तरी तिने तिसरं कडवं म्हटलं. कुठेही न थांबता.

मित्रांनो, जुन्या फिती कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मी सांगणारच. पण दारात आई उभी दिसली तर पळू नका. निदान ती तोंड उघडेपर्यंत थांबा.